पेन्सिलीची खूण

“आणि इथली खूण?” उस्तादांनी विचारलं.

“कसली खूण?” सुधन्वा आगाशे म्हणाला.

“पेन्सिलीची. तबकडीवर होती.”

टेबलावर वायरलेसचा जुना संच नवरदेवासारखा नटून बसला होता. दाऊद परकार जहाजावरचे निवृत्त वायरलेस ऑफिसर, हर्णैला घर. जुन्या रेडिओंचं वेड असलेले सगळे त्यांना उस्ताद म्हणत. सुधन्वाच्या पुण्याच्या घरी असे अकरा संच काचेच्या कपाटात होते. उस्तादांचा हा बारावा त्याने मागून नेला, दुरुस्त केला आणि आज परत आणला. उस्तादांनी एकदा ‘छान’ म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

तो हसला. तो डाग त्याने पहिल्याच दिवशी स्पिरिटने पुसला होता. आता खुणेची गरजच नाही, त्याने समजावलं. तबकडीवरचे आकडे कित्येक वर्षं खोटं बोलत होते, ते त्याने केसाच्या अंतरापर्यंत खरे केले होते. म्हणाल तो आकडा लावून देतो.

“कोया कुठल्या आकड्यावर असतो?”

“...ते तुम्ही सांगायचं, उस्ताद.”

“मला आकडा ठाऊक नाही. खूण ठाऊक होती.”

मग हळूहळू सगळं कळलं. लक्षद्वीपच्या आंद्रोत बेटावर कोया नावाचे दीपगृहाचे जुने रखवालदार राहतात. चाळीस वर्षं रोज सकाळी सात वाजता ते मोर्स लिपीच्या ठोक्यांनी उस्तादांना हाक मारतात. त्यांचा संचही असाच म्हातारा. वय वाढलं तसे दोन्ही संच मूळ आकड्यावरून सरकत गेले, एकमेकांच्या मागोमाग. सरकत कुठे पोचले, ते दोघांनीही कधी मोजलं नव्हतं.

संच न्यायच्या दिवशी सुधन्वा पंधरा दिवस म्हणाला होता. उस्तादांनी कोयांना तेवढंच कळवलं होतं. बटणांना नवी झळाळी चढवण्यात वरचा दीड महिना गेला.

“फोन करू या ना त्यांना.” सुधन्वाचा आवाज उतरला होता.

“त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. फोनवर ओळखू कसा?”

...

सुधन्वा पुण्याला परतला नाही. दुसऱ्या दिवशी सातला संचापुढे बसला. बटण भराभर फिरवलं. खरखर. आवाज वाढवला, तर खरखरही वाढली. उस्ताद पडवीत चहा पीत होते.

तिसऱ्या दिवशी ठसठशीत, सफाईदार ठोके आले. सुधन्वाने आशेने मागे वळून पाहिलं.

“हा घाईत आहे,” उस्ताद म्हणाले. “कोया नव्हे.”

पाचव्या दिवशी त्याने आकड्यांकडे पाहणं सोडलं. आवाज कमी केला. डोळे मिटून बटण तिळातिळाने सरकवत राहिला.

खरखरीच्या तळाशी काहीतरी होतं. बारीक, सावकाश... आणि प्रत्येक वेळी शेवटचा ठोका जरा रेंगाळत होता, निरोप घेऊनही उंबऱ्यात थांबलेल्या पाहुण्यासारखा.

त्याने वळून पाहिलं. उस्तादांचा कप ओठांपाशी थांबला होता.

पलीकडून उस्तादांना हाक मारायची ठरलेली अक्षरं वाजत होती. थोडी वाट बघायची, पुन्हा हाक मारायची. दीड महिना उत्तर नव्हतं, तरीही.

उस्ताद आत आले. ठोके द्यायच्या किल्लीवर बोट ठेवलं आणि तितक्याच सावकाश आपली अक्षरं वाजवली.

पलीकडे शांतता...

मग जे सुरू झालं, ते पाऊण तास थांबलं नाही.

ते संपल्यावर सुधन्वाने पिशवीतून कोरायची सुई काढली. आपल्याइतकं बारीक काम कुणाला येत नाही, हे त्याला माहीत होतं. ती जागा तबकडीवर कोरून ठेवतो, म्हणाला. आता ती कुणाच्या बापाला पुसता येणार नाही.

उस्तादांनी त्याच्या हातातून सुई काढून घेतली. स्वतःच्या कानावरची पेन्सिल त्याला दिली.

“हिनं कर. फार दाबू नकोस.”