सात फडक्यांचा कातळ

चूक सुभानजी मोकाशाची होती. वेळशेतच्या वरच्या काळ्या कातळावर सात पांढरे पट्टे दिसतात. पुजारी पाहुण्यांना तिथे नेऊन सांगतात, देवीने पातळ सुकत घातलं होतं, त्याच्या या खुणा. पाहुणे हात जोडून परततात. गावातल्या बायका सांगतात ते वेगळंच आहे, आणि ते म्हाताऱ्यांना ऐकवत नाही.

फार जुनी गोष्ट. देवीची पालखी मोकाशांच्या दारावरून चालली असता कुंपणावर वाळत घातलेलं पाळीचं फडकं वाऱ्याने उडालं आणि थेट सुभानजीच्या पागोट्यावर येऊन पडलं, म्हणे. गाव हसलं. त्याच संध्याकाळी सुभानजीने पारावर हुकूम काढला: इथून पुढे असलं फडकं उन्हात दिसता कामा नये. पंचांनी माना डोलावल्या. घरी जाऊन बायकोला विचारावं, असं एकालाही वाटलं नाही. बायका फडकी गोठ्यात, गोवऱ्यांखाली, कुठे कुठे लपवू लागल्या. ती कधी धड वाळायचीच नाहीत.

सुभानजीची लेक ठकू तेराव्या वर्षी बाहेर बसू लागली. हुकूम तिच्याच बापाचा, म्हणून तिच्या वाट्याला घरातली सगळ्यात अंधारी जागा आली, धान्याच्या कणगीमागची. वर्षभर ती तिथलीच ओलसर, बुरसलेली फडकी वापरत राहिली. आधी खाज, मग फोड, मग पू. आई म्हणाली, "सोस. बाईच्या जातीला हे असायचंच." आश्विनात ताप चढला तेव्हा कुठे आनसा सुईणीला बोलावलं. तिने पोरीला तपासलं, कणगीमागे हात घालून एक फडकं ओढलं, हुंगलं आणि ती ओसरीवर आली.

"मालक, ऊन लागंल."

"मग बसवा की पोरीला अंगणात," सुभानजी म्हणाला. "कोण नको म्हणतंय?"

"पोरीला नव्हं, तिच्या फडक्यास्नी. उकळत्या पाण्यात धुवायची आन् कडक वाळवायची."

"माझ्या अंगणात? म्हातारे, डोकं ठिकाणावर आहे का? माझा हुकूम मीच मोडू?"

"तुमचं धोतर वाळतंय की समोर. त्येला न्हाई लाज वाटत ती!"

तेवढ्यात आतून ठकूचा आवाज आला. "आबा, एकच दिवस वाळू द्या. मी राखत बसेन. उडू नाही देणार."

सुभानजीला ते ऐकू आलं होतं, असं सांगतात. त्याने पागोटं बांधलं, तो देवळात गेला आणि देवीला पाच नारळ बोलला. अंगणात ऊन रणरणत होतं.

नवव्या दिवशी ठकू गेली.

मग अक्कल आली. सुभानजीने कणगीमागची सातही फडकी काढली, स्वतःच्या हाताने धुतली आणि भर दुपारी, गावादेखत, कातळावर पसरली. उचलायला गेला तर खालचा काळा दगड पांढरा पडला होता, म्हणे. पोरीची राख झाल्यावर चमत्कार!

आजही गावातली मुलगी शहाणी झाली की मोकाशांच्या भाऊबंदांतला थोरला पुरुष कातळ झाडतो आणि तिचं धुतलेलं फडकं उघड्या उन्हात वाळत घालतो. पुजारी त्या दिवशी तिकडे फिरकत नाहीत.

सुभानजी त्यानंतर बावीस वर्षं जगला. त्याला दुसरं मूल नव्हतं.