तुतीपरीचा कापलेला पंख

डोंगराच्या कुशीत, जिथे ढग न्याहारीला खाली उतरतात, तिथे वेणू नावाची एक पोर होती. तिला आईबाप नव्हते. यमूकाकूंच्या तुतीच्या मळ्यात राबावं, मिळेल ती भाकरी खावी आणि बाळी नावाच्या पिटुकल्या शेळीला बिलगून निजावं. परकराला ठिगळं इतकी, की त्याचा मूळ रंग तिलाही आठवत नसे.

फाल्गुन सरत आला. काकूंनी तिच्या हाती कात्री दिली आणि भरभर सांगितलं, जुन्या वाळक्या फांद्या काढ, डोळे फुगलेल्या काड्या राख. डोळे म्हणजे काय, हे वेणूला कळलंच नाही. पण विचारायची भीती वाटली, म्हणून तिनं मान डोलावली. मग तिला वाटलं, या फांद्या तर वडीलधाऱ्या, त्यांना कसं कापायचं? तिनं त्यांना नमस्कार केला आणि कोवळ्या काड्या कापून टाकल्या. कचकच, कचकच.

तेवढ्यात दावं सोडवून बाळी आली आणि खाली पडलेले सगळे कोंब तिनं फस्त केले. चष्म्याशिवाय काकूंना धूसर दिसे. त्यांना दिसली उघडीबोडकी झुडपं आणि रवंथ करणारी शेळी.

"हिनंच खाल्लं. उद्याच्या बाजारात विकून टाकते हिला."

वेणूचे कान तापले. ती झुडपाआड जाऊन गुडघ्यांत तोंड खुपसून बसली.

"माझी झोपायची खोली होती ती," एक इवलासा आवाज आला.

वेणू दचकली. कापलेल्या काडीवर बोटाएवढी परी बसली होती. पोपटी झगा, जांभळे जोडे, रेशमाचे झिरझिरीत पंख. पण एका पंखाचं टोक तुटलेलं. वेणूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परी मात्र रागावली नाही. तुझ्या नमस्कारानं मला जाग आली, म्हणून एक इच्छा देते, म्हणाली. "पण ती स्वतःसाठी मागायची नाही. आणि मनात तर नाहीच. ज्याच्यापासून लपवलंस, त्याच्यासमोर मोठ्यानं मागायची."

वेणूनं परीला ओंजळीत घेतलं आणि ती अंगणात धावली. काकू बाळीच्या गळ्यात बाजाराचं दावं बांधत होत्या.

"काकू, बाळीनं नाही, मी कापलं. डोळे म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं. कळलं असं खोटंच दाखवलं." तिनं ओंजळ उघडून परी दाखवली. "हिचा पंख जुळू दे."

ओंजळीतून चंदेरी, गुलाबी, जांभळा उजेड उसळला. पंख जुळला. परी गिरकी घेत मळ्यावरून गेली, उजेडाचे कण सांडत सांडत त्याच उजेडात विरघळली. आणि कापलेल्या प्रत्येक काडीवर हिरवा ठिपका लुकलुकला.

काकूंनी बाळीचं दावं सोडलं. वेणूला झुडपापाशी नेलं आणि तिचं बोट त्या हिरव्या ठिपक्यावर टेकवलं.

"हा डोळा. वेडे, विचारायचं नाही का? बोल, आणखी काय कळलं नाही?"

वेणूनं एकवीस प्रश्न विचारले. काकूंनी एकवीस उत्तरं दिली. पुढं तुती पिकल्या, दोघींची बोटं जांभळी झाली, बाळीची दाढीसुद्धा.