निळ्या बॅगेत खुडूक कोंबडी

अगं, तो फोन ठेव बाजूला आणि ऐक आधी. एकदा एक म्हातारी नर्स होती आणि तिच्या हाताखाली एक शिकाऊ, अशी सुरुवात केली तर तुला वाटेल मी संडे स्कूलमधलं काहीतरी सांगतेय. पण हे परवाचंय, आणि ती शिकाऊ म्हणजे आमची हेप्सीताई. हेप्सिबा, माझी मावसबहीण, नगरची. तिच्या लग्नात तू केकचे दोन तुकडे जास्तीचे हाणलेस, ती.

ती, प्रबोधदाजी आणि त्यांची छोटी शेरॉन मागच्या वर्षी आफ्रिकेत गेली ना, मिशनच्या कामाला. चर्चमध्ये निरोपाची उपासना झाली, पाळकसाहेबांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मावशी रडून बेजार. तर एका मोठ्या सरोवराच्या काठचं गाव. रस्ता असा नाहीच, बोट येईल तेव्हा येईल. तिथं मिशनचा छोटा दवाखाना, आणि तो कित्येक वर्षं एकट्या मार्था सिस्टरांनी चालवलेला. त्याही आपल्याकडच्याच, मिरजेला नर्सिंग शिकलेल्या. आता त्यांचे गुडघे गेले, त्या परत यायच्या आणि दवाखाना ताईच्या हातात द्यायचा, असं ठरलेलं. दाजी तिथल्या पोरांना सुतारकाम शिकवतात.

आता ताई कशी आहे तुला माहितीय. लिफ्टमध्ये पंखा थांबला तरी स्तोत्र पुटपुटायला लागणारी बाई. जायच्या आधी त्यांचं ट्रेनिंग झालं, त्यात कुणीतरी सांगितलं की अशा ठिकाणी एक बॅग कायम भरलेली ठेवा, दाराजवळ ठेवा, वेळ आली तर शोधाशोध नको. झालं. ताईने पोचल्या पोचल्या मोठी निळी बॅग भरली. पासपोर्ट, शेरॉनचे कपडे, तापाचं औषध, बिस्किटं, टॉर्च. आणि दाराला टेकून उभी केली. सकाळी उठली की चेन उघडून बघायची, सगळं आहे ना. शेरॉन शिंकली की बॅगेकडे नजर. वारा सुटला की बॅगेकडे नजर. दाजी एकदा म्हणाले, "देवाकडेसुद्धा इतक्या वेळा बघत नाहीस तू." त्या दिवशी दाजींना चहा मिळाला नाही.

वर्ष गेलं असं. गावातल्या बायका ताईशी गोड वागायच्या हां. केळी आणून द्यायच्या, शेरॉनच्या वेण्या घालायच्या, ताई त्यांची भाषा बोलायला लागली की हसून लोळायच्या. पण दवाखान्यात ताईने विचारलं, "काय होतंय?" की एकच उत्तर. "छान आहे, शेरॉनच्या आई, सगळं छान आहे." आणि मग हळूच सिस्टरांकडे जाऊन खरं ते सांगायच्या.

सगळ्यात जास्त काळजी नेमाची. ही शेजारीण, अंगणाला अंगण लागून. पोटुशी. पहिलं बाळ जन्मताच गेलेलं. ताईला लांबून दिसायचं की हिचे पाय सुजलेत, चालताना मध्येच थांबते, भिंत धरते. ताई विचारायची, "नेमा, डोकं दुखतं का गं? डोळ्यापुढे अंधारी येते?"

"छान आहे."

"पाय बघू दे."

"पाय पण छान आहेत." आणि पाय नेसूच्या कापडात ओढून घ्यायची.

ताईची झोप उडाली. सिस्टर जाणार, मग ही बाई दाखवणार कुणाला? एक दिवस ती दवाखान्यातच रडायला लागली. "सिस्टर, त्यांचा माझ्यावर विश्वासच नाही. ही बाई माझ्या डोळ्यासमोर मरेल, आणि मरताना मला 'छान आहे' म्हणेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर काठी टेकत, धापा टाकत ताईच्या घरी हजर. घर चढावर आहे, त्या कधीच वर आल्या नव्हत्या, ताईच रोज खाली जायची. आल्या, बसल्या, घाम पुसला, चहा घेतला. मग दाराशी बघून म्हणाल्या, "ही बॅग रिकामी कर."

"का हो?"

"चहा चांगला झालाय. रिकामी कर."

ताईला वाटलं, सिस्टरांना प्रवासाला हवी असेल, मागायला लाजत असतील. तिने सगळं सामान पलंगावर ओतलं. सिस्टरांनी दाजींना हाक मारली, बॅगेत वाळलेलं गवत भरायला लावलं आणि म्हणाल्या, "उचल, नेमाकडे चल."

नेमाच्या अंगणात एक खुडूक कोंबडी फुटक्या टोपलीत अंडी घेऊन बसलेली. सिस्टरांनी वाकून एकेक अंडं उचललं आणि बॅगेत मांडलं. मग कोंबडी धरली. तिने हाताला कचकन चोच मारली, सिस्टर तिला म्हणाल्या, "गप गं भवाने," अगदी मिरजेच्या मराठीत, आणि ठेवली अंड्यांवर. वरचं झाकण मिटू नये म्हणून काटकी लावली. कोंबडीने पिसं फुगवली आणि बसली की घरच्यासारखी.

नेमा आधी बॅगेकडे बघत राहिली, मग ताईकडे. आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली.

परत येताना ताई सिस्टरांना म्हणाली, "माझे पासपोर्ट होते हो त्यात."

"आता कोंबडी आहे."

"आणि शेरॉनला काही झालं तर? एकदम निघावं लागलं तर?"

"तर बॅग नाही म्हणून थांबशील? पोरीला उचलशील आणि पळशील." सिस्टर वाटेतल्या दगडावर बसल्या, गुडघा चोळत. "हेप्सिबा, इथं एक रीत आहे. वाटेला लागलेल्या माणसाला कुणी आपलं दुखणं सांगत नाही. बिचारा दूर जायचाय, त्याच्यावर आपलं ओझं कशाला, म्हणून. तू म्हणतेस विश्वास नाही. अगं, ही त्यांची माया आहे. तुझी बॅग वर्षभर दाराशी उभी. त्या येता-जाता बघतात. त्यांच्या लेखी तू रोजच उद्या निघालेली. मग तुला सुजलेले पाय कोण दाखवेल?"

ताईने त्यांना हात देऊन उठवलं.

"घाबरू नकोस असं मी म्हणत नाही. मला स्वतःला अजून रोज भीती वाटते, भूक लागते तशी. पण ती आत ठेवावी, खाटेखाली. दारात ठेवली की येणाऱ्याला आधी तीच भेटते."

त्याच संध्याकाळी नेमा आली. बॅग उभी असायची ना, बरोब्बर त्याच जागी उंबऱ्यावर बसली. कोंबडी कशी आहे, गवत कसं मऊ आहे, कोंबडीचा नवरा कसा जळतोय, बराच वेळ असलंच बोलणं. मग हळूच पाय पुढे केले. "हे बघ." मग म्हणाली, अंधारी येते. मग म्हणाली, पहिल्या वेळीही असंच झालं होतं. ताईने बीपी घेतलं, तर ते फारच वाढलेलं. औषध सुरू केलं, आणि त्या दिवसापासून नेमा सकाळ-संध्याकाळ दाखवायला यायची. तिच्या मागोमाग बाकीच्या बायकाही. मध्ये एक बोट आली, तिने सिस्टर गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कोंबडीला हलवू नकोस."

आता परवाचं ऐक. दुपारी मिशनच्या ऑफिसचा फोन. पलीकडच्या गावांत कसल्यातरी तापाची साथ आलीय, लहान मुलं दगावतायत. उद्या सकाळी बोट येतेय. ज्यांना मुलं आहेत त्यांनी निघावं, पुढची बोट कधी ते सांगता येत नाही. आणि नेमाचे दिवस भरलेले. त्या हेलकाव्यात तिला बोटीत घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

दाजी म्हणाले, "तू म्हणशील तसं." हे दाजींचं नेहमीचं, आणि असल्या वेळी कसला राग येतो त्याचा. ताईने काही विचारच केला नाही. शेरॉनचे कपडे गोळा केले आणि पाय आपोआप नेमाच्या अंगणात. बॅग आणायला.

कोंबडी बसलेली. नेमा ओट्यावर धान्य निवडत होती. बोटीची बातमी तिला कळली होतीच. तिने ताईच्या हातातले कपडे बघितले, बॅगेकडे बघितलं, सूप बाजूला ठेवलं, भिंत धरून उठली आणि म्हणाली, "बॅग हवीय ना? थांब, अंडी टोपलीत काढते."

ताईने सवयीने विचारलं, "पाय कसे आहेत?"

नेमाने नेसूचं कापड ओढून पाय झाकले. हसली. "छान आहे, शेरॉनच्या आई. सगळं छान आहे."

अगं, ताई म्हणते, मला तिथं उभ्या उभ्या सिस्टर आठवल्या. नेमा मला निरोप देत होती. माझ्यावर ओझं नको म्हणून.

तिने नेमाला ओट्यावर बसवलं, स्वतः खाली बसली. हातातले कपडे बाजूला ठेवले आणि नेमाचा पाय मांडीवर ओढून घेतला. म्हणाली, "राहू दे. बॅग कोंबडीची आहे."

काल सकाळी दाजी आणि शेरॉन बोटीने गेले, शहरातल्या मिशनच्या ऑफिसकडे. सामान उशीच्या अभ्र्यात बांधून. शेरॉन अभ्रा कवटाळून बसली होती, हात करायलासुद्धा तिने तो सोडला नाही. ताई काठावर उभी राहिली, बोट दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग दवाखान्यात गेली. काल रात्रीपासून मावशीला सारखे फोन करतेय, दाजींचा काही फोन आला का, शेरॉन पोचली का, खाल्लं का. नेमा अजून बाळंत व्हायचीय. मावशी रडतेय, म्हणते आईने पोरीबरोबर जायला हवं होतं, दुसऱ्याच्या लेकरासाठी स्वतःचं असं कोण पाठवतं. मी तिला सिस्टरांचं सगळं सांगायला गेले आणि मध्येच अडकले, कारण मावशीचंही मला पटत होतं.

तू सांग ना. तू त्या अंगणात उभी असतीस, हातात पोरीचे कपडे आणि समोर ती बॅग, तर तू काय केलं असतंस?