तिसऱ्या ग्लासाचा निकाल

नाशिकला वैदेहीच्या घरी वाइनचा अभ्यास करणारे पाचजण जमले होते. लेबल दिसू नये म्हणून तिन्ही बाटल्यांना मोजे चढवले होते. चवीवरून वाइन ओळखायची आणि चढू नये म्हणून घोट बादलीत थुंकायचा, अशी त्यांची रीत. वैदेहीचे वडील कारभारीअप्पा दिंडोरीहून आले होते. आयुष्य द्राक्षबागेत गेलेला माणूस; ते मुकाट्याने ग्लास भरत होते.

जाणकार म्हणून मिरवणाऱ्या टिपणीस सरांनी विचारलं, "हा गडी नवा ठेवलात वाटतं?"

वैदेहीला अप्पांच्या सदऱ्यावरचे फवारणीचे डाग दिसले. ती नुसती हसली. अप्पांनी प्रश्नही ऐकला आणि तिचं हसणंही.

सरांनी तिन्ही वाइन चाखून निकाल दिला, "पहिल्या दोन परदेशी, अप्रतिम. तिसरी इथलीच, टाकाऊ." मग अप्पांकडे वळून म्हणाले, "काय मामा, तुम्हीही सांगा की, चांगली कोणती?"

सगळे हसले. वैदेहीचे कान तापले.

"मी माळकरी माणूस, घेत नाही," अप्पा सावकाश म्हणाले. "पण तिसरीच चांगली असणार."

"न चाखताच?"

"तुम्ही चाखलीत ना, साहेब. पहिल्या दोन बादलीत थुंकलात. तिसरी गिळलीत, अन् वर पुन्हा मागून घेतलीत."

हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली. सरांना ग्लास कुठे ठेवावा ते कळेना.

"मामा, तुम्ही आहात तरी कोण?" कुणीतरी विचारलं.

लेकीची अडचण नको, म्हणून अप्पा म्हणाले, "मी इथं ग्लास भरतो."

"माझे वडील आहेत ते," वैदेही म्हणाली. पण मान वर करून म्हणणं काही तिला जमलं नाही.