ओढ्यापलीकडे गेलेली हूप

मुलांनो, एका जंगलात ओढ्याच्या अलीकडे वानरांची एक टोळी राहत असे आणि पलीकडे दुसरी. रोज सकाळी अलीकडचे वानर शेंड्यावर चढून "हूप हूप" करत. पलीकडूनही तसेच उत्तर येई. झाले! लगेच यांची माथी भडकत. "बघा, आपल्याला आव्हान देतात!" मग ओढ्यात लढाई जुंपे. आधी ओरडले कोण, हे मात्र कुणी विचारत नसे.

अशाच एका लढाईत टोळीचा म्होरक्या मारला गेला आणि नवा निवडायची वेळ आली. एक धिप्पाड हुप्प्या पुढे आला. दिवसभर फांद्या गदागदा हलवत तो गरजे, "मला निवडा, पलीकडच्यांना पळवून लावतो!" त्याच्याविरुद्ध उभी राहिली एक वानरी. तिचा थोरला मुलगा लढाईत गेला होता आणि धाकटा आता लढायच्या वयाचा झाला होता. त्याच्या काळजीने तिला एका जागी बसवत नसे. ती या फांदीवरून त्या फांदीवर जाई, एकेकाच्या उवा वेची आणि हळूच कानाशी सांगे, "आपण ओरडतो म्हणून ते ओरडतात. एक दिवस गप्प राहून तर बघा."

"भित्री कुठली!" हुप्प्या खिजवी.

"हो, भिते मी," ती म्हणे. "माझा अजून एक मुलगा जिवंत आहे."

नवा म्होरक्या ठरला की सगळ्यांनी हूप करायची, अशी टोळीची रीत होती. "मी निवडून आले तर तेवढे करू नका," असे वानरीने प्रत्येकाला बजावले होते आणि प्रत्येकाने मान डोलावली होती.

निवडीच्या सकाळी ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या झाडावर जाऊन बसायचे होते. टोळीत नुसती चुळबुळ चालली होती. कुणी अंग खाजवी, कुणी या झाडावरून त्या झाडावर उड्या मारी. अखेर वानरीच्या उंबराच्या फांद्या भाराने वाकल्या. ती निवडून आली! तिने गप्प राहायची खूण केली, पण आनंद कुणाच्या पोटात मावेना. पहिली हूप निघाली ती तिच्याच मुलाच्या घशातून. मग सगळी टोळी ओरडली. हरलेला हुप्प्यासुद्धा ओरडला. पलीकडून उत्तर आले आणि पाठोपाठ पलीकडची टोळी ओढ्यात उतरली.

लढाई थांबली तेव्हा मुलगा आईच्या मांडीवर रक्तबंबाळ पडला होता. "आई, मी तर आनंदाने ओरडलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे रे राजा," वानरी म्हणाली. "पण ओढ्यापलीकडे आवाज तेवढा जातो, आनंद जात नाही."

दुसऱ्या सकाळी कुणाच्याही तोंडून आवाज निघाला नाही. पलीकडूनही आला नाही. वानरीचे म्हणणे खरे ठरले, पण ते बघायला तिचा मुलगा उरला नव्हता.

तात्पर्य एवढेच : शांतता हवी म्हणणाऱ्याला निवडून देणे सोपे आहे, शांततेसाठी स्वतःचा घसा आवरणे अवघड, आणि खरे काम तेच.