चुटकीला ऊब मिळेना

डोंगरावर एक शाळा होती. शाळेत एक कॉम्प्युटर होता. त्याच्यामागे राहायची चुटकी. चुटकी म्हणजे पालीचं इवलंसं पिल्लू.

कॉम्प्युटर करायचा घूं घूं. चुटकी त्याच्या उबेत झोपायची. तिला दुसरं कुणीच नव्हतं.

सुट्टी लागली. मुलं गेली. थंडी आली. आणि एक दिवस कॉम्प्युटर उठेचना! पडदा काळा. अंग गार. नुसतं टीं टीं टीं!

"कॉम्प्युटरदादा, ऊठ ना! मला ऊब मिळेना."

"टीं टीं! माझ्या पोटातला जुना पंखा फिरेना, मी कसा उठू?"

चुटकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"पंखेआजोबा, फिरा ना! कॉम्प्युटर उठेना, मला ऊब मिळेना."

"खर्र खट्! पातं मोडलं गं माझं. नवा येईना, मी कसा हटू?"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. नवा पंखा होता खोक्यात.

"नव्या पंख्या, ये ना! जुना फिरेना, कॉम्प्युटर उठेना, मला ऊब मिळेना."

"ठक ठक! खोका उघडेना, मी कसा येऊ?"

"खोकेदादा, उघड ना! नवा येईना, जुना फिरेना, कॉम्प्युटर उठेना, मला ऊब मिळेना."

"बाई उठेनात, मी कसा उघडू?"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वाघमोडे बाई खिडकीशी बसल्या होत्या. एकट्याच.

"बाई, बाई, उठा ना! खोका उघडेना, नवा येईना, जुना फिरेना, कॉम्प्युटर उठेना, मला ऊब मिळेना."

बाई हळूच म्हणाल्या, "मुलं गेली गं. सोबत कुणी बसेना, मी कशी उठू?"

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

चुटकी खिडकीवर चढली. बाईंच्या हाताशी बसली.

"मी बसते ना," ती म्हणाली.

दोघी बसल्या. खूप वेळ.

मग बाई हसल्या. "चल गं चुटके!"

बाई उठल्या. खोका उघडला, चर्र! नवा पंखा आला. बाईंनी आधी वायर काढली. मग जुना पंखा हटला. नवा बसला, खट्! वायर लावली. बटण दाबलं.

टीं! एकदाच.

पडदा उजळला. पंखा फिरला, भिर भिर भिर. कॉम्प्युटर उठला, घूं घूं घूं. चुटकीला ऊब मिळाली!

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. बाहेर शाळा गप्पच होती. आत मात्र दोघी होत्या.