दाढेची कॅप आणि खिशातली सुपारी

तात्यासाहेब खराडे म्हणजे बाजार समितीचे माजी सभापती. त्यांना 'नाही' म्हणायची तालुक्यात कुणाची छाती नव्हती. म्हणूनच तीन वर्षांत दोन डॉक्टरांनी त्यांच्या एकाच दाढेवर त्यांच्याच पसंतीच्या दोन चमकदार कॅप बसवल्या आणि दोन्ही फुटल्या.

तिसऱ्यांदा ते खिशातली सुपारीची डबी खुळखुळवत दातांच्या डॉक्टर अमला कारखानीस यांच्याकडे आले. कॅपच्या नमुन्यांतल्या काचेसारख्या चमकदार सिरॅमिकवर बोट ठेवून म्हणाले, "सूनबाईंच्या समोरच्या दाताला हेच आहे. मलाही पुन्हा हेच पाहिजे. आणि या खेपेला कॅप फुटली, तर दवाखान्याची पाटी उतरवायला लावीन."

बाईंनी झिरकोनिया या पांढुरक्या, मजबूत पदार्थाचा तुकडा पुढे केला. "दाढेवर फार जोर येतो, तात्यासाहेब. तिथं हेच टिकतं."

"हे चुन्यासारखं? मला शिकवू नका, बाई."

बाईंनी वाद घातला नाही. "बरं, तुम्ही म्हणाल तेच बसवते. फक्त खिशातली सुपारी एकदा समोरच्या दातांनी फोडून दाखवा."

तात्यासाहेब मोठ्यानं हसले. "डॉक्टर ना तुम्ही? समोरचे दात हसायला असतात. त्यांनी सुपारी फोडली तर दातच हातात येईल!"

"आधीच्या दोन कॅप का फुटल्या, ते तुम्हीच सांगितलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता सांगा, तिसरी कुठली बसवू?"

तात्यासाहेबांनी जिभेनं दाढ चाचपली, झिरकोनियाचा तुकडा उचलला आणि बाईंच्या हातात दिला.

उठताना त्यांची सुपारीची डबी टेबलावरच राहिली. ती चुकून राहिली, असं ते अजूनही सांगतात.